अमेरिकेने बास्केटबॉलचा विश्वचषक फक्त ५ वेळाच का जिंकला?

प्रश्न असा आहे: बास्केटबॉल अमेरिकेत जन्मला, एनबीए ही व्यावसायिक लीग तिथली, ऑलिंपिकचं सुवर्ण बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात. मग पुरुषांच्या विश्वचषकाच्या आजवरच्या १९ स्पर्धांत अमेरिकेची विजेतेपदं ५ च कशी? आणि तेवढीच युगोस्लाव्हियाच्या नावावर कशी? जोडीला दोन उपप्रश्न आहेत: ही स्पर्धा सुरू कधी झाली, आणि भारत तिच्यात कधी खेळला का?

मी पोरांना बास्केटबॉल शिकवतो आणि या स्पर्धेचे जुने सामने मिळतील तिथून बघतो. माझं उत्तर थोडक्यात असं, की या विश्वचषकाचा निकाल बऱ्याचदा सामना सुरू होण्याआधीच अर्धा लागलेला असतो. कोण आलं, कोणाला येऊ दिलं नाही, कोण रुसून बसलं आणि कोणाला त्याच्या क्लबने सोडलं नाही, यावर पदकं फिरली आहेत. उरलेला अर्धा भाग खेळाचा. त्यातही अमेरिकेला वाटतं तितकं सोपं कधीच नव्हतं.

सुरुवातीपासून बघू. आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे फिबा, १९३२ साली जिनिव्हात ८ देशांनी मिळून काढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. अंतिम सामना पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ हरवलं. चिखलात ड्रिबल करणार, म्हणजे चेंडू आपटत पळणार कसं? मग युद्ध झालं, आणि १९४८ मध्ये लंडनला ठरलं की दोन ऑलिंपिकच्या मधल्या काळात आपली स्वतंत्र स्पर्धा हवी. पहिली स्पर्धा १९५० साली अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या लुना पार्क स्टेडियममध्ये झाली. संघ फक्त १०.

अमेरिकेने तिथे कोण पाठवलं? डेन्व्हर शेव्हरोलेट्स. मोटारींच्या नावाचा एक हौशी संघ. आपल्याकडे रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धा गाजवतात ना, तशीच तेव्हा अमेरिकेत कंपन्यांच्या संघांची हौशी स्पर्धा जोरात असे. एनबीएचे खेळाडू पैसे घेणारे, म्हणून त्यांना फिबाची दारं बंद. म्हणजे पहिल्या दिवसापासून अमेरिका आपल्या सर्वोत्तम संघाविना खेळत होती, आणि हे पुढे चाळीस वर्षं चाललं. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने त्यांना ६४-५० असं हरवलं. ऑस्कार फुर्लाँग स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लोक वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटवून रस्त्यावर उतरले. तिथे ती रात्र आजही मशालींची रात्र म्हणून ओळखली जाते.

पुढे या विजेत्यांचं काय झालं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. १९५५ मध्ये अर्जेंटिनाचा अध्यक्ष पेरोन याची सत्ता उलथली. त्याच्या काळात ज्यांचं कौतुक झालं ते सगळे नव्या राजवटीला संशयित. खेळाडूंना मोटारी आयात करायचे परवाने मिळाले होते, ते पुरावा म्हणून काढले आणि १९५७ मध्ये त्या पिढीवर 'व्यावसायिक' असल्याचा शिक्का मारून बंदी घातली. जगज्जेता संघ असा कागदावरच्या एका आदेशाने संपला. अर्जेंटिनाला पुन्हा अंतिम सामना गाठायला २००२ उजाडलं.

१९५४ ची स्पर्धा रिओला झाली. अमेरिकेने या वेळी पिओरिया कॅटरपिलर्स पाठवले, म्हणजे ट्रॅक्टर-बुलडोझर बनवणाऱ्या कंपनीचा संघ, आणि ते जिंकले. हे त्यांचं पहिलं विजेतेपद. मला त्या स्पर्धेत जास्त मोलाचं वाटतं ते फिलिपिन्सचं कांस्य. कार्लोस लोइझागाच्या त्या संघानंतर आशियातला एकही संघ आजतागायत पदकाच्या चौकटीत आलेला नाही.

आता १९५९. माझ्या पहिल्या मुद्द्याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. स्पर्धा चिलीत होती. सान्तियागोचं बंदिस्त स्टेडियम वेळेत पूर्ण झालं नाही, म्हणून फुटबॉलच्या राष्ट्रीय मैदानात उघड्यावर कोर्ट मांडलं. सोव्हिएत संघ तिथे पूर्ण ताकदीने आला होता, आणि मधे उभा होता २ मीटर १८ सेंटिमीटर उंचीचा लॅटव्हियन जानिस क्रूमिन्श. अमेरिकेने हवाई दलाचा संघ पाठवला होता; सोव्हिएतनी त्यांना ६२-३७ असं झोडपलं. ब्राझीललाही हरवलं. अंतिम फेरीतले सगळे सामने कोर्टवर जिंकले आणि शेवटी राहिला तैवान. चीनच्या प्रश्नावरून मॉस्को तैवानला मानत नव्हतं. सोव्हिएत खेळाडू उतरलेच नाहीत. बल्गेरियानेही तेच केलं. दोघांचे निकाल बाद ठरवले, सोव्हिएत संघ सहाव्या आणि बल्गेरिया सातव्या क्रमांकावर ढकलला, आणि ब्राझील जगज्जेता झाला.

ब्राझीलचा तो संघ कमी होता असं अजिबात नाही. आमाउरी पासोस आणि व्लामिर मार्केस हे त्या काळातले अव्वल खेळाडू. त्यांनी १९६३ मध्ये घरच्या मैदानावर अमेरिकेला ८५-८१ हरवून विजेतेपद राखलं आणि शंका मिटवली. पण ती स्पर्धा तरी रिओत का झाली? ठरली होती मनिलात, १९६२ ला. फिलिपिन्स सरकारने कम्युनिस्ट देशांच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला. फिबाने स्पर्धाच उचलून ब्राझीलला दिली. सलग दोन स्पर्धा, दोन्हींत परराष्ट्र खात्याचा हात. एकदा पाहुणे खेळले नाहीत, एकदा यजमानांनी दार उघडलं नाही.

युगोस्लाव्हियाकडे वळतो, कारण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. १९५० च्या पहिल्या स्पर्धेत हा देश १० पैकी १० वा आला होता. स्पेनमध्ये फ्रँकोची राजवट, म्हणून त्यांच्याशी खेळायलाही त्यांनी नकार दिला होता. पण त्या शेवटच्या आलेल्या संघातली माणसं बघा: नेबोयशा पोपोविच, अलेक्सांदर निकोलिच, रादोमिर शापेर, बोरिस्लाव स्टँकोविच. या चौघांना पुढे युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे जनक म्हटलं गेलं. खेळणं सुटल्यावर त्यांनी प्रशिक्षण आणि संघटना हातात घेतली. त्यांच्या पद्धतीत उंच मुलालाही लहानपणी ड्रिबल आणि पास गार्डसारखाच, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूसारखाच शिकवत. 'तू उंच, तू रिंगखाली उभा राहा' हे आपल्याकडे आजही ऐकू येतं. तिथे ते साठच्या दशकातच बाद झालं होतं. क्रेशिमिर चोसिच हा सहा फूट अकरा इंचांचा माणूस पास असा द्यायचा की जुनी चित्रफीत बघताना मागे नेऊन पुन्हा बघावंसं वाटतं.

१९७० मध्ये ल्युब्लियानात याच चोसिचच्या संघाने अमेरिकेला ७०-६३ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. दरम्यान १९६७ चं सोव्हिएतनी मॉन्टेव्हिडिओला जिंकलं होतं, आणि तेव्हापासून विजेत्याला खेळाचा जनक जेम्स नेस्मिथच्या नावाचा चषक मिळू लागला. १९७४ सोव्हिएत, १९७८ युगोस्लाव्हिया, १९८२ पुन्हा सोव्हिएत. १९७८ ला मनिलात अंतिम सामना ज्यादा वेळेत ८२-८१ असा सुटला, १९८२ ला कॅलीमध्ये अमेरिका ९५-९४ अशी एका गुणाने हरली. ही स्पर्धा वीस वर्षं खरं तर या दोन देशांची होती. अमेरिका कॉलेजची मुलं पाठवायची आणि समोर वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले, नावाला हौशी पण पूर्णवेळ बास्केटबॉलवर जगणारे मोठे पुरुष असायचे.

१९८६ ची स्पेनमधली स्पर्धा मात्र कॉलेजच्या मुलांनी जिंकली. डेव्हिड रॉबिन्सन मधे आणि १६० सेंटिमीटरचा मग्सी बोग्स पुढे. अंतिम सामन्यात सोव्हिएतवर ८७-८५. पण प्रशिक्षक म्हणून मी मुलांना दाखवतो तो त्याआधीचा उपांत्य सामना. युगोस्लाव्हिया एका मिनिटाहून कमी वेळ राहिला असताना ९ गुणांनी पुढे. सोव्हिएतच्या साबोनिसने बोर्डवर आपटून थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा फटका घातला. तिखोनेन्कोने दुसरा. आता फक्त चेंडू सांभाळायचा होता, तर अठरा वर्षांच्या युगोस्लाव्हियाच्या व्लादे दिवाचने डबल ड्रिबल केला, म्हणजे चेंडू धरून पुन्हा आपटायची चूक केली आणि चेंडू गेला. वाल्टर्सने तिसरा थ्री-पॉइंटर घालून बरोबरी साधली आणि ज्यादा वेळेत सोव्हिएत ९१-९० ने जिंकले. फिबाने थ्री-पॉइंटची रेष १९८४ मध्ये आणली होती. ती नसती तर त्या मिनिटात ९ गुण भरून निघणं अशक्य होतं. पुढे आहोत म्हणून हात आखडता घेणाऱ्या संघाला मी एवढी एकच क्लिप लावतो, बाकी काही बोलत नाही.

१९९० ला अर्जेंटिनात युगोस्लाव्हियाचा सर्वांत देखणा संघ आला: पेत्रोविच, कुकोच, दिवाच, पास्पाल्य. उपांत्य फेरीत अमेरिकेला ९९-९१, अंतिम सामन्यात सोव्हिएतला ९२-७५. पण इथेही कोण आलं नाही ते बघा. लिथुआनियाने मार्चमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, त्यामुळे साबोनिस, मार्चुलिओनिस आणि त्यांचे साथीदार सोव्हिएत संघात नव्हते. संघाचा कणाच गेला होता. आणि जिंकलेल्यांचंही घर फुटायला आलं होतं. सामना संपल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन कोर्टवर धावला. दिवाचने, जो सर्ब, तो झेंडा हिसकावून बाजूला केला. त्याचं म्हणणं, हा विजय सगळ्यांचा होता. पेत्रोविच क्रोएशियन. दोघांची मैत्री तिथे तुटली ती तुटलीच, आणि १९९३ मध्ये पेत्रोविच जर्मनीत मोटार अपघातात गेला. १९९१-९२ मध्ये तर देशच फुटला होता. १९९४ चा विश्वचषक बेलग्रेडला ठरला होता, तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे टोरांटोला गेला.

इथे विजेतेपदं मोजणाऱ्यांचा गोंधळ होतो. १९७०, १९७८ आणि १९९० ही जुन्या, सहा प्रजासत्ताकांच्या युगोस्लाव्हियाची. १९९८ आणि २००२ ची जिंकली ती उरलेल्या सर्बिया-मॉन्टेनेग्रोने, पण जर्सीवर नाव अजून युगोस्लाव्हियाच होतं. म्हणून कुठल्या यादीत ३ अधिक २ दिसतात, कुठल्या यादीत सरळ ५. सर्बिया या नावाने त्यांनी अजून एकही जिंकलेला नाही. २०१४ आणि २०२३ ला अंतिम सामन्यात हरले.

एनबीएसाठी दार उघडलं एप्रिल १९८९ मध्ये, म्युनिकच्या बैठकीत, ५६ विरुद्ध १३ मतांनी. विरोधात मत देणाऱ्यांत अमेरिकेची तेव्हाची हौशी संघटनाही होती. आणि हे घडवून आणणारा फिबाचा सरचिटणीस कोण, तर बोरिस्लाव स्टँकोविच, १९५० ला शेवटच्या आलेल्या त्याच संघातला. शिक्षणाने तो पशुवैद्य. मांस तपासणीचं काम केलेला माणूस. त्याचं साधं म्हणणं होतं की जगातले सर्वोत्तम खेळाडू बाहेर ठेवून विजेत्याला जगज्जेता म्हणण्यात अर्थ नाही.

त्यानंतर तरी अमेरिकेने सगळं जिंकायला हवं होतं. १९९४ ला शकील ओ'नीलच्या संघाने रशियाला १३७-९१ असं चिरडलं, तेव्हा तसंच वाटलं. मग १९९८ ला एनबीएत मालक आणि खेळाडूंचा वाद होऊन टाळेबंदी झाली, अथेन्सला दुय्यम खेळाडू गेले, कांस्य मिळालं. पुन्हा तीच गोष्ट: कोण आलं नाही.

पण २००२ ला ही सबब चालत नाही. स्पर्धा अमेरिकेतच, इंडियानापोलिसला. संघात पॉल पिअर्स, रेजी मिलर. पहिल्या फळीतले काही नव्हते हे खरं, तरी सगळे एनबीएचे. अर्जेंटिनाने त्यांना ८७-८० हरवलं. १९९२ पासून एनबीएच्या खेळाडूंनी सलग ५८ सामने जिंकले होते, ती साखळी तुटली. त्या सामन्यात जिनोबिली, स्कोला, ओबेर्तो चेंडूशिवाय पळत होते. बचाव करणारा चेंडूकडे बघतोय तेवढ्यात मागून रिंगकडे धाव, पास, आणि रिंगजवळून ले-अप. पुन्हा पुन्हा तेच. नंतर युगोस्लाव्हियाने उपांत्यपूर्व फेरीत ८१-७८ हरवलं, स्पेननेही हरवलं आणि यजमान सहावे आले. अंतिम सामना युगोस्लाव्हियाने ज्यादा वेळेत ८४-७७ जिंकला. नियमित वेळेच्या शेवटी अर्जेंटिनाच्या स्कोनोकिनीला अडवल्याचा फाउल दिला नाही म्हणून अर्जेंटिनातले लोक अजून चिडतात. मी तो प्रसंग कितीदा तरी पाहिलाय. माझ्या मते फाउल होता.

२००६ ला जपानमध्ये ग्रीसने अमेरिकेला उपांत्य फेरीत १०१-९५ हरवलं. पापालुकास चेंडू आणायचा, धिप्पाड स्कोर्त्सानितिस येऊन पिक लावायचा, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहायचा, आणि रिंगकडे वळायचा. अमेरिकेला या एका चालीचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. तोच ग्रीस अंतिम सामन्यात स्पेनसमोर ४७ गुणांवर अडकला, तेही पाउ गासोल पायाच्या दुखापतीने बाहेर बसलेला असताना. ७०-४७.

हे का घडतं याची खेळातली कारणं सांगतो. फिबाचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ चा. ताकदवान संघाला सावरायला वेळ कमी मिळतो. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, तिकडे सहाव्याला. थ्री-पॉइंटची रेष ६.७५ मीटरवर, एनबीएची त्याहून लांब. रिंगखाली बचावपटू हवा तितका वेळ उभा राहू शकतो, एनबीएत तीन सेकंदांत हलावं लागतं. म्हणून झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, इथे जास्त चावतो आणि एकट्याने आत घुसणाऱ्याची वाट बंद होते. चेंडू रिंगला लागला की इथे तो कोणीही टोलवू शकतो, तिकडे तो रिंगवर असेपर्यंत हात लावता येत नाही. आणि बाद फेरीत सामना एकच. एनबीएत सातची मालिका असते. सात सामन्यांत ग्रीसने त्या अमेरिकेला हरवलं असतं असं मी म्हणणार नाही. एका रात्रीत हरवलं.

त्यापेक्षाही मोठं कारण सरावाचं. स्पेनच्या २००६ च्या संघातले गासोल, नवारो हे १९९९ ला १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेले सवंगडी. जर्मनीचा तेव्हाचा प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट याने २०२१ ला जबाबदारी घेतली तेव्हा खेळाडूंकडून तीन उन्हाळ्यांचा शब्द मागितला. अमेरिकेचा संघ काही आठवडे आधी जमतो. अमेरिकेच्या संघाचा कारभार बघणारा जेरी कोलांजेलो आणि प्रशिक्षक शशेव्हस्की यांनी २००५ नंतर खेळाडूंकडून अशीच बांधिलकी घेतली, त्याचं फळ २०१० आणि २०१४ ला मिळालं. २०१० ला इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात केव्हिन ड्युरंटने २८ गुण काढले. २०१४ ला सर्बियावर १२९-९२. त्याच स्पर्धेपासून 'जागतिक अजिंक्यपद' हे नाव जाऊन विश्वचषक हे नाव आलं.

पुढची स्पर्धा २०१८ ऐवजी २०१९ ला ठेवली, फुटबॉलच्या विश्वचषकाखाली दबू नये म्हणून. संघ २४ चे ३२ झाले. त्याचा एक परिणाम असा की ऑलिंपिक आता पुढच्याच उन्हाळ्यात असतं. एनबीएचा मोठा खेळाडू सलग दोन उन्हाळे द्यायला तयार होत नाही. एक निवडायचा तर ऑलिंपिक निवडतो. शिवाय अमेरिका खंडातल्या पहिल्या दोन संघांना या स्पर्धेतून थेट ऑलिंपिकची जागा मिळते. ती मिळाली की काम झालं, असाच एकूण सूर दिसतो. चीनमध्ये अमेरिका सातवी आली. स्पेनने अर्जेंटिनाला ९५-७५ हरवून दुसरं विजेतेपद घेतलं, आणि समोर ३९ वर्षांचा लुईस स्कोला अजून खेळत होता. २०२३ ला मनिलात जर्मनीने अमेरिकेला ११३-१११ हरवलं, आंद्रेआस ओब्स्टने २४ गुण काढले, आणि अंतिम सामन्यात डेनिस श्रोडरच्या २८ गुणांवर सर्बियाला ८३-७७. कांस्याचा सामनाही अमेरिका कॅनडाकडून हरली. वर्षभराने पॅरिसला लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी, ड्युरंट आले आणि सुवर्ण घेऊन गेले. मनिलात या तिघांपैकी एकही नव्हता. तसं पाहिलं तर निकोला योकिचही नव्हता, तरी सर्बियाने अंतिम सामना गाठला. रशिया तर पात्रता फेरीतच बाद ठरवला गेला होता, युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे.

राहिला भारत. विश्वचषकात आपण एकदाही खेळलेलो नाही. आपला पुरुष संघ मोठ्या जागतिक मंचावर एकदाच दिसला, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये, तोही बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून. २०१४ च्या आशिया चषकात वुहानला आपण चीनला ६५-५८ हरवलं होतं, तेव्हा नागपाड्यापासून पुण्यापर्यंतच्या कोर्टांवर दुसरा विषय नव्हता. पण विश्वचषकाच्या वाटेवर आशिया आणि ओशिआनिया एकत्र आहेत. यजमान धरून जागा ८, आणि त्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, जपान, फिलिपिन्स, इराण, जॉर्डन, लेबनॉन रांगेत उभे. पात्रतेचे सामने आता दीडेक वर्ष तुकड्यातुकड्यांनी घरी आणि परदेशी होतात. नोव्हेंबरात दोन, फेब्रुवारीत दोन. त्यासाठी वर्षभर एकत्र राहणारा संघ, चांगली लीग आणि पैसा लागतो. २०२७ ची स्पर्धा दोहाला आहे, म्हणजे वेळ आपल्याकडच्या संध्याकाळी-रात्रीची; टीव्हीवर बघायला तरी सोयीची.